मित्रानुराग

दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय, रोज एक, असा आपल्याकडचा रिवाज. सातवा अध्याय व्रतांचा. तो वाचायची पाळी येते तेव्हा इकडे गोव्यात चवथीचे दिवस चालू असतात. शेजारी माटोळीला फळं बांधलेली, नेवऱ्यांचा वास सुटलेला, कुठे घुमट-आरती, कुठे फटाके. आणि आपण एकाशन करून एकेका व्रताचे पाच-पाच अतिचार म्हणत बसलेल्या. अतिचार म्हणजे व्रत मोडणं नाही, व्रताला डाग लागणं. पांढऱ्या लुगड्यावर चहाचा थेंब पडावा तसा. लुगडं फाटत नाही, पण डाग दिसत राहतो.

त्या अध्यायाच्या शेवटाजवळ सल्लेखनेचे पाच अतिचार आहेत: जगण्याची आस, मरणाची घाई, मित्रानुराग, सुखानुबंध आणि निदान. जगण्याची आस समजते. मरणाची घाईही समजते. दुखणाईत माणसाच्या उशाशी बसलेल्या बाईला तर फारच समजते. निदान म्हणजे या तपाच्या बदल्यात पुढच्या जन्मी अमुक मिळो अशी मागणी, तीही कळते. पण मित्रानुराग? मैत्रिणीवर जीव असण्यात असं काय वाईट आहे?

या सूत्रांवर पूज्यपाद आचार्यांची सर्वार्थसिद्धी ही टीका आहे, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. तिथे मित्रानुरागाचा जो अर्थ दिला आहे तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. पूर्वी सवंगड्यांबरोबर धुळीत खेळलो त्याचं स्मरण, असा तो अर्थ आहे. आणि सुखानुबंध म्हणजे भोगलेल्या आनंदाच्या गोष्टी पुन्हा पुन्हा मनात आणणं. बघा ना, घरदार सोडलेल्या दिगंबर मुनींनी हे लिहिलंय. मरणाच्या दारात माणसाला काय काय आठवेल याचा विचार करताना त्यांनी सोनं-नाणं, शेतीवाडी लिहिली नाही. धूळ लिहिली. कुठल्या तरी गावाच्या धुळीत तेही खेळले असतील की.

आता हा अर्थ धरला तर आमच्या महिला मंडळात एकही बाई निर्दोष निघायची नाही. आम्ही वीसेकजणी आहोत. डिचोली, साखळी, म्हापसा, पेडणे अशा ठिकाणांहून येतो. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही आहोत. गोव्यात आपण इतके थोडे, की पंथ वेगळे ठेवून भागत नाही. स्वाध्याय होतो, अल्पोपाहार होतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘आमच्या लहानपणी...’ की संपलं. सागरगोटे, आणि ते नसले तर ओहोळातले गुळगुळीत खडे. लगोरी. बाहुलीचं लग्न. सागरगोटा फरशीवर घासून शेजारणीच्या दंडाला चटका द्यायचा. पेडण्याकडच्या जत्रेत रात्रभर चाललेला दशावतार, त्यातला संकासुर बघून घाबरून आईच्या पदरात शिरलेली कुणी. आम्हां जैन पोरींची आणखी एक रड असायची, ती म्हणजे सूर्यास्त. बाकीच्यांचा लपंडाव रंगायचा तो तिन्हीसांजेला, आणि आम्हांला नेमकी तेव्हाच जेवायला हाक. मी हातावर पाणी घेऊन आत आले की बाहेरून आवाज यायचा, ‘खेळपाक येता गे?’ आणि मी आत वरणभात खात असायची. चाळीस-पन्नास वर्षांनी हे सांगताना आम्ही अशा हसतो, जणू त्या वेळेपेक्षा हे सांगण्यातच जास्त मजा आहे.

हा सगळा अतिचार म्हणायचा का? प्रश्न रिकामटेकडा वाटेल. माझ्या काकूच्या शेवटच्या वर्षात तो आमच्या घरात फार गंभीरपणे विचारला गेला.

काकू माहेरची पेडण्याची. तिच्या वडिलांचं तिथल्या बाजारात किराणा मालाचं दुकान होतं आणि हंगामात ते आसपासच्या गावांतल्या काजूबिया विकत घेत. बोंडूंच्या भट्टीकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही, दारूचा संबंध नको म्हणून. बी चालते आणि बोंडू चालत नाही, हा व्यापारी विवेक मला अजून नीट उमगलेला नाही, पण ते असो. काकू लग्न होऊन डिचोलीला आली आणि सत्तर वर्षं तिथेच राहिली. शेवटी अंथरुणाला खिळली. सल्लेखना तिने घेतली नव्हती. पण अन्न आपोआप कमी होत गेलं होतं, आणि घरात सकाळ-संध्याकाळ णमोकार, बारा भावना चालू होत्या. त्याच्या मधूनच काकू एका मुलीचं नाव घ्यायची. लहानपणच्या मैत्रिणीचं. ‘तिच्या सात बिया माझ्याकडे राहिल्या गे,’ म्हणायची. दिवसातून चार-पाच वेळा.

बेळगावहून आमच्या नात्यातल्या एक आक्का आल्या होत्या. प्रतिमाधारी, शास्त्र वाचलेल्या. त्यांना हे ऐकून काळजी वाटली. त्या म्हणाल्या, ‘हिला असं बोलू देऊ नका. अंतकाळी मन जिथे असेल तिथे गती. कानाशी णमोकार म्हणत राहा.’ माझी जाऊ म्हणाली, ‘म्हातारं माणूस आहे आक्का, बोलून घेऊ दे की. खेळच आठवतेय ना, कुणाचं वाईट तर नाही चिंतत.’ मी तत्त्वार्थसूत्र पुढे केलं: सूत्रात शब्द अनुराग आहे, स्मरण नाही; आठवण वेगळी, आसक्ती वेगळी. आक्का माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या. त्या म्हणाल्या, समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तोच अतिचार सांगताना सरळ मित्रस्मृती म्हटलंय. आणि ज्या सूत्राचा तू आधार घेतेस, त्याच्या टीकेतही अनुरागाचा अर्थ स्मरण असाच केलाय ना?

त्यांचं म्हणणं खरं होतं. शब्दाच्या आडून सुटायला जागा नव्हती.

त्या दुपारी काकूजवळ मी एकटी होते. मी विचारलं, ‘काकू, कसल्या बिया?’ मग तिने सगळं सांगितलं, अगदी सलग, जसं काही सांगायला माणूसच शोधत होती. चैत्रात पोरं काजूबियांनी खेळायची. धुळीत बियांची रांग लावायची, लांबून एक मोठी जड बी मारायची. ज्या पडतील त्या तुमच्या. काकूच्या वडिलांना हा खेळ चालत नसे. सात व्यसनांत पहिलं द्यूत, आणि जिंकलेली बी घरी आणायची म्हणजे द्यूतच की! त्यामुळे काकू चोरून खेळायची. तिची मारायची बी पोखरून कुणीतरी तिच्यात शिसं भरून दिलं होतं. ती हरायचीच नाही. ती मैत्रीण मजुरी करणाऱ्या घरातली. तिच्या आईने दुकानात घालायला म्हणून मोजून बिया दिल्या होत्या, त्यांतल्या सात तिने खेळायला काढल्या आणि सातही गेल्या. संध्याकाळी तिची आई माप घेऊन दुकानात आली तेव्हा बिया कमी भरल्या. ‘तिला आमच्या दुकानाच्या पायरीवरच मारलं गे. मी आत होते. सात बिया माझ्या परकरात होत्या.’ रात्री काकूने त्या वडिलांच्या पोत्यात टाकून दिल्या. पोत्यात हजारो बिया. मैत्रीण परत खेळायला आली नाही.

‘काय करायचंय त्यांचं आता?’ मी विचारलं.

‘द्यायच्यात,’ काकू म्हणाली.

संध्याकाळी मी हे आक्कांना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मग ही मित्रस्मृती नाही. ही क्षमापना राहिलीय.’ त्या स्वतः काकूच्या उशाशी बसल्या आणि त्या मुलीचं नाव घेऊन तिच्याकडून क्षमा मागून घेतली. त्यानंतर काकू बियांबद्दल बोललीच नाही, असं काही झालं नाही. बोलली, पण आकडा विसरायला लागली. कधी पाच म्हणे, कधी नऊ.

तेव्हापासून मला वाटतं, की आठवण चांगली की वाईट हे ती सुखाची आहे की दुःखाची यावरून ठरत नाही. त्या आठवणीत दुसऱ्याचा वाटा कितपत शिल्लक राहिलाय, ते बघावं. आपण ‘ते दिवस’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त आपलाच वाटा काढून आणलेला असतो. मंडळात एकीने सोनकिड्याची गोष्ट सांगितली. पावसाळ्यात मिळणारा तो हिरवा-सोनेरी किडा काड्यापेटीत ठेवायचा, सोबत पाला टाकायचा, शाळेत न्यायचा, सगळ्यांना दाखवायचा. किती सुंदर चकाकायचा! आम्ही सगळ्या ‘हो गं, हो गं’ करत राहिलो. मुंगी वाचावी म्हणून रात्री दिवा न लावणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या आम्ही. त्या पेटीत किडा किती दिवस जगायचा, हे कुणी विचारलं नाही. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचे, तेही असंच. आमच्या आजीने असा एक चतुर एका मुलाच्या हातातून सोडवून घेतलेला मला आठवतो. त्या मुलाचं रडणं मला आठवतं, आजीचा रागही आठवतो. चतुर उडू शकला की नाही, ते मात्र आठवत नाही. आठवणीत तो धरलेलाच नाही.

तशीच प्रत्येक गल्लीत एक मुलगी असायची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन खेळ बघत उभी राहिलेली. लंगडी खेळताना कडेवर मूल घेता येत नाही. ती आज कुठेतरी साठीची असेल. तिला विचारलं, की लहानपणीचा आवडता खेळ कोणता, तर ती काय सांगेल?

हे सगळं आठवायचं म्हणजे आनंदावर विरजण घालायचं असं मला म्हणायचं नाही. संध्याकाळी प्रतिक्रमण करताना आपण दिवसाकडे मागे वळून बघतो ना, त्यात दिवस चांगला गेला असला तरी बघतोच. बालपणाकडे तसं बघितलं तर ते लहान होत नाही, उलट त्यात माणसं वाढतात. काकूच्या गोष्टीत आता मला शिसं भरलेली बी दिसते, परकर दिसतो, आणि पायरीवरची ती दुसरी पोरही दिसते.

धुळीचंही आता काय राहिलंय म्हणा. डिचोलीत आमच्या वेळची धूळ हळूहळू खनिजाची झाली. ट्रकांच्या रांगा लागल्या, आंब्याची पानं लाल झाली, पोरांना आयांनी रस्त्यावरून आत ओढलं. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा रस्ते मोकळे झाले, पण एव्हाना खेळायला बाहेर येणारी पोरं नव्हती; आणि ज्यांच्या घरची चूल त्या ट्रकांवर पेटत होती त्यांना ती मोकळीक नको होती. पेडण्यात मोपाच्या सड्यावर गुरांमागे हिंडणारी पोरं विटीदांडू खेळायची असं काकू सांगायची. तिथे आता विमानतळ आहे. 2023 च्या जानेवारीपासून विमानं उतरतात. ज्यांना तो सडा परत हवाय त्यांना तो मिळणार नाही. जाग्याची आठवण आणि जाग्यावरचा हक्क या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी गेली की पहिलीला फार गोंजारलं जातं. आपल्या समाजातही हे आहेच. डिचोली तालुक्यात कुडण्याला जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. आपली मंडळी तिथे जाऊन ‘एके काळी आपण इथे’ असं म्हणून फोटो काढून येतात. गवत कापायला कितीजण थांबतात?

आता एक गैरसमज नको. आपल्या धर्माला खेळाचं वावडं आहे असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. बाळ वर्धमान सवंगड्यांबरोबर झाडावर खेळत असताना सापाचं रूप घेऊन देव आला, बाकीची पोरं पळाली आणि वर्धमान भ्याले नाहीत, ही गोष्ट आपण प्रत्येक मुलाला सांगतो. म्हणजे भगवंतांचा खेळ आपण अडीच हजार वर्षं आठवतोच आहोत. श्वेतांबर आगमांत अतिमुक्त कुमाराची कथा आहे, ती मला त्याहून आवडते. पोरवयातच मुनी झालेला. पाऊस पडून गेला, पाणी वाहत होतं. त्याने मातीचा बांध घातला आणि आपलं पात्र पाण्यात सोडलं: माझी नाव, माझी नाव! थोरल्या साधूंना ते खटकलं. कच्च्या पाण्याला हात लावायचा नाही आणि हा तर चक्क खेळतोय. ते महावीरांकडे गेले. महावीर म्हणाले, त्याला टाकून बोलू नका, त्याची निंदा करू नका. हा याच भवात मुक्त होणार आहे, त्याला सांभाळा. त्या पात्राचं पुढे काय झालं, ते वाहून गेलं की त्याने काढून घेतलं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण महावीरांनी तो खेळ मोडला नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आपल्या बायकांचा खेळ मात्र कुणीतरी मोडलेला असतो. बारा-तेराव्या वर्षी एका सकाळी सांगितलं जातं, आता पुरे. भावाला असं कुणी सांगत नाही; त्याचं क्रिकेट पन्नाशीतही चालू असतं. म्हणून पुरुष बालपणाच्या आठवणी काढतो आणि बाई बालपणाच्या आठवणी काढते, यात मला फरक वाटतो. तिला सागरगोटे नकोच असतात. हातात वेळ असावा आणि त्याचा हिशोब कुणी मागू नये, एवढंच तिला हवं असतं, आणि त्याला दुसरं नाव नाही म्हणून ती सागरगोटे म्हणते. गोव्याच्या गावांनी याची एक सोय करून ठेवली आहे. पौषात रात्री मांडावर बायका जमतात आणि धालो खेळतात. लग्न झालेल्या, सुना आलेल्या, सगळ्या. सोंगं काढतात, एकमेकींची थट्टा करतात, पुरुषांना तिथे जागा नाही. ‘खेळतात’ हाच शब्द. लहानपणी खेळायच्या असं नाही, खेळतात. काकू डिचोलीला आल्यावर शेजारणींबरोबर मांडाच्या कडेला जाऊन बसायची आणि बघायची. पन्नास वर्षं बघत होती. आत कधी गेली नाही, आणि तिला कुणी ‘ये’ म्हटलं नाही असं नाही. तिच्या शेजारणी चांगल्या होत्या. घरी काय म्हणतील, एवढंच. असल्या बाईने मित्रानुराग धरला तर दोष तिच्या एकटीच्या खात्यावर मांडावा का, हे मी आक्कांना विचारलं. आक्का म्हणाल्या, ‘कर्म ज्याचं त्याचंच असतं.’ मग थोड्या वेळाने, ‘पण घरच्यांचंही बांधलं जातं.’

मित्रानुरागाचा प्रश्न मला थोडाफार सुटल्यासारखा वाटतो. सुखानुबंधाचा मुळीच नाही.

आम्ही सिनेमाला जायचो ते तीनच्या खेळाला. तो सुटायचा सहाच्या सुमाराला, आणि हिवाळ्यात तेवढ्यात सूर्य मावळतो. जेवण त्याआधी व्हायला हवं. त्यामुळे आई साडेपाचला उठायची, आणि तिच्यामागे आम्ही, अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत. माझ्या लहानपणच्या कित्येक सिनेमांना शेवट नाही. ‘हाथी मेरे साथी’ 1971 चा, आमच्याकडे आला तेव्हा तोही असाच पाहिला. राजेश खन्ना, तनुजा, आणि रामू हत्ती. आम्ही उठलो तेव्हा रामू धडधाकट होता. पुढे काय होतं ते मी कुणाला विचारलं नाही, कारण मला माहीतच होतं: सगळे एकत्र राहतात. घरी येऊन दोन घास खाऊन मी अंगणात रामूच्या पुढच्या गोष्टी तयार करायची. चाळीस वर्षं तो माझ्यापुरता जिवंत होता. मग नातीच्या फोनवर मी सिनेमा पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिला, आणि रामू गोळी लागून मरतो हे मला साठीजवळ आल्यावर कळलं.

मला तो अर्धाच सिनेमा परत हवाय. हे मी स्वतःला समजावून पाहिलंय, की भोगलेलं सुख मनात घोळवणं म्हणजे बंध; मूर्च्छा म्हणजेच परिग्रह; पोत्यातल्या हजार बियांसारखंच ते. पटतं. तरी हवाय.

परवा नातीने पुन्हा लावला. आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. हत्तींचं फुटबॉल झालं, तनुजाचं लग्न झालं, बाळ झालं. बाहेर उन्हं उतरली तेव्हा मी फोन तिच्या हातातून घेतला आणि बंद केला.

‘आजी, संपला?’

‘हो,’ मी म्हटलं, ‘चल, उजेड आहे तोवर जेवून घेऊ.’